ताईने हॉर्न दिलाच नाही

१० जानेवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद तुझ्या मुलाला आणि होणाऱ्या सुनेला. तुझ्या वाट्याचे सध्या राखून ठेवले आहेत.

पत्रिका पोचली. अक्षरं जरा जास्तच सोनेरी आहेत, पण एकुलत्या एक मुलाचं लग्न आहे, चालायचंच. पत्रिकेच्या मागे तू पेनाने जे खरडलंस ते मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'ताई, बाबांची गाडी लग्नाला हवी. नवरानवरी तिच्यातूनच हॉलवर येतील. हॉर्न वाजतो ना, बघून ठेव. तो जुना हॉर्न वाजवत यायचं असं त्याच्या फार मनात आहे.' इतक्या वर्षांत ताई जिवंत आहे की नाही हे तू विचारलं नाहीस. माझ्या मुलीला मुलगी झाली, ती कुणावर गेली तेही नाही. विचारलंस ते हॉर्नचं. सगळ्या गाडीत तुला तोच आठवावा, याचं मला हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मध्येच रडायला लागतेस, आणि तू रडलीस की माझं बोलणं राहतं बाजूला, मीच तुझी समजूत काढत बसते. लहानपणापासून हेच चाललंय. कागदावर तुला तसं करता येत नाही.

तर गाडीचं सांगते. गाडी मागच्या शेडमध्ये आच्छादनाखाली आहे. रविवारी जावईबापू तिला चालू करून कोपऱ्यापर्यंत नेऊन आणतात. मी शेजारी उभी राहून सूचना देते, म्हणजे सासू कशाला म्हणतात ते त्यांना अधूनमधून कळत राहतं. चालवायच्या जागेवर मी बसत नाही. तो अपघात झाल्यापासून बसलेली नाही. तुला ठाऊक आहे, पण तुझी स्मरणशक्ती शाबूत असली तरी सोयीची आहे, म्हणून सांगितलं.

हॉर्न सध्या मनात आलं तर वाजतो, नाहीतर नाही. मागच्या महिन्यात जावईबापूंनी गाडी धुतली आणि स्टिअरिंगच्या मधलं हॉर्नचं बटण चमकवायचं म्हणून फडक्यात धरून गरागरा फिरवलं. तेव्हापासून त्याने संप पुकारलाय. मेकॅनिकला दाखवू का म्हणत होते. मी म्हटलं, या गाडीचा हॉर्न बाबांनी मला खोलायला शिकवलाय, परक्याचा हात नको. हात चालतात अजून. भरवसा नाही तो डोक्याचा.

तेही सांगून टाकते, कारण दुसरं कुणी तुला सांगणार नाही. लेकीची रजा संपत आलीय. पुढच्या महिन्यात ती कामावर जाणार आणि नातीला ठेवायला पाळणाघर शोधतेय. घरात आजी धडधाकट आहे, तरी पाळणाघर. ती बिचारी मला म्हणालीच नाही असं नाही. 'आई, तू बघशील?' असं तिने एकदा घाबरत घाबरत विचारलं. मीच नाही म्हटलं. तासभरसुद्धा मी त्या पोरीजवळ एकटी बसत नाही, समोरच्या मास्तरीणबाईंना बोलावून घेते. माझ्या डोक्याने एकदा ऐन वेळी दगा दिला आणि माणूस जायबंदी झालं. दुसऱ्यांदा गॅसशी दिला तर, किंवा आंघोळीच्या पाण्याशी? आईचं शेवटी काय झालं ते आपण दोघींनी पाहिलंय. मी नातीला मांडीवर घेते तीसुद्धा जमिनीवर बसून.

हॉर्नचं बघते आणि कळवते. मुलाला सांग, मावशी करते म्हणाली म्हणजे करते.

ताई

१८ जानेवारी

धाकटे,

हॉर्न दुरुस्त झाला. तुझं काम झालं, आता माझं एक काम आहे.

आधी सगळं रीतसर सांगते. बाबांची पद्धत आठवते ना, आवाज आला नाही तर पहिला संशय हॉर्नवर घ्यायचा नाही, पण पहिला सोडवायचा तो हॉर्नच, म्हणजे त्याच्यावरचा आळ तरी जातो. तसाच पुढून सोडवला आणि दोन वायरी थेट बॅटरीला लावल्या. असा ओरडला की नात पाळण्यात दचकली आणि मास्तरीणबाई काठी टेकत गॅलरीत आल्या. तोच आवाज, सर्दी झालेल्या हवालदारासारखा. त्या वरूनच म्हणाल्या, 'बरं वाटलं हो ऐकून.' त्या असं म्हणाल्या की जमिनीने दुभंगून मला पोटात घ्यावं असं वाटतं. ज्या बाईचा गुडघा मी मोडला तीच मला बरं वाटलं म्हणते.

हॉर्न निर्दोष ठरला. फ्यूज ठीक, वायर ठीक. राहिलं स्टिअरिंगवरचं बटण. ते खोलायचं म्हणजे चालवायच्या जागेवर बसायला हवं. बसवेना. शेवटी तुझ्या जागेवर बसले, शेजारच्या सीटवर, आणि वाकून खोललं. दाबायचं, थोडं डावीकडे फिरवायचं, की टोपी हातात येते. खाली स्प्रिंग, त्याखाली पितळेची कडी. टोपी दाबली की स्प्रिंगवरची चकती कडीला टेकते आणि हॉर्न वाजतो, एवढंच ते यंत्र. मध्ये काही आलं तर टेकत नाही.

मध्ये काहीतरी आलेलं होतं. कडेच्या वाळलेल्या ग्रीसमध्ये एक हिरवा तुकडा रुतून बसला होता, करंगळीच्या नखाएवढा. जावईबापूंनी टोपी फिरवली तेव्हा तो सरकून कडीवर आला असणार. चिमट्याने काढला, रॉकेलने पुसला. रेक्झिन आहे, आपल्या सीटांचंच. सीटा शिवल्यावर उरलेला एक पट्टा पुढच्या कप्प्यात असायचा ना, काच पुसायला घ्यायचो तो. त्याच हिरव्या रंगाचा.

त्याच्या दोन्ही बाजू कात्रीने सरळ कापलेल्या आहेत. एक टोक मात्र फाटलेलं आहे, घाईत ओढल्यासारखं. उंदीर कात्री वापरत नाहीत. जावईबापूंना विचारलं तर त्यांना टोपी निघते हेच माहीत नव्हतं. ही टोपी कशी निघते ते या जगात बाबांना माहीत होतं, मला आहे आणि तुला आहे.

तुला काही ठाऊक आहे का त्या तुकड्याबद्दल? सहज विचारते.

सहज विचारते असं लिहिलं खरं. तुकडा एका बशीत घालून कपाटावर ठेवलाय आणि येताजाता तो उचलून बघते. उलट टपाली उत्तर दे.

ताई

२७ जानेवारी

तुझं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. आता नाही आलं तरी चालेल, मला दुसरीकडून मिळालंय.

ब्रेकवाली आठवते? आपल्या ड्रायव्हिंग क्लासची ती जाडजूड विद्यार्थिनी, समोरून मांजर आलं तरी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवायची. तिला सुरुवातीला मी शिकवत होते. माझ्या ओरडण्याने ती रडली आणि तुझ्याकडे गेली. बरीचशी रडून तुझ्याकडेच जायची. माझी स्वतःची लेकसुद्धा, 'आईकडे नको, मावशीकडे शिकते' म्हणून तुझ्याचकडे शिकली. तर ही ब्रेकवाली काल दुकानात भेटली. आता स्वतःची गाडी आहे तिची, मला घरी सोडते म्हणाली. वाटेत मी हॉर्नचा विषय काढला, दुरुस्त केला म्हणून सांगितलं, नुसतं बोलायचं म्हणून. तर ती हसायला लागली आणि म्हणाली, 'ताई, तुमच्या बहिणीने त्या हॉर्नचं तोंड कसं बंद केलेलं असायचं, तुम्हाला अजून माहीत नाही?'

तिने सगळं सांगितलं. तिला वाटलं मी हसेन. नवख्या बायका घाबरून सारखा हॉर्न दाबायच्या, गल्लीतले लोक तक्रार करायचे, म्हणून तू शिकवणीआधी बटणाची टोपी काढायचीस आणि आत हिरवी पट्टी सरकवायचीस. शिकवणी झाली की ओढून काढायचीस. 'ताईला सांगू नका, ती मला फाडून खाईल,' असं तू त्यांना बजावलं होतंस. खाल्लंच असतं. बाबांनी गाडी आपल्या हातात देताना एकच अट घातली होती, ब्रेक आणि हॉर्न यांच्याशी खेळायचं नाही. तू मान डोलावली होतीस, मी शेजारी उभी होते.

ब्रेकवालीच्या गाडीतून मी आपल्या कोपऱ्यावर उतरले आणि तिथेच उभी राहिले. घरी चालत जायचंही सुचेना.

धाकटे, आता तो दिवस मी सांगते आणि तू ऐक. इतकी वर्षं तो तू मला सांगत आलीस.

सकाळची तुझी शिकवणी होती. ती संपवून तू गाडी दारात लावलीस आणि आपण दोघी बाजारात निघालो. मी चालवत होते, तू शेजारी. कोपऱ्यावर त्या उंच भिंतीपाशी पलीकडचं काही दिसत नाही, म्हणून तिथे मी रोज हॉर्न द्यायचे आणि आख्ख्या गल्लीला ती सवय होती. मास्तरीणबाई तर म्हणायच्या, तुझा हॉर्न ऐकला की मी भिंतीला टेकून उभी राहते. त्या दिवशीही मी अंगठा टोपीवर ठेवला आणि दाबला. टोपी आत गेली, आवाज आला नाही. पुन्हा दाबते म्हणेपर्यंत त्या भिंतीआडून पुढे आल्या. त्यांना हॉर्न ऐकू आला नव्हता, त्या कशाला थांबतील?

मी उतरून त्यांच्याकडे धावले. लोक जमले. मी मोठमोठ्याने सांगत होते की दाबला होता हो, मी दाबला होता, वाजलाच नाही. आणि तू गाडीत वाकलीस. 'हँडब्रेक ओढते,' म्हणालीस. मला अजून तुझी पाठ दिसते. हँडब्रेक मी उतरतानाच ओढला होता. मग पोलीस आला, त्याने बाहेरूनच हात घालून बटण दाबलं आणि सगळ्या गल्लीदेखत हॉर्न खणखणीत वाजला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तुझ्याकडे बघितलं. तू खाली मान घालून म्हणालीस, 'ताईने हॉर्न दिलाच नाही.'

इथपर्यंत एक वेळ मी समजू शकले असते. माणूस भेदरतं. पण तू तिथे थांबली नाहीस. मास्तरीणबाईंच्या मुलाला बाजूला घेऊन, मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात तू म्हणालीस, 'रागावू नका तिच्यावर, आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं.'

ते वाक्य तुला कुठून सुचलं गं? ते तर पट्टीसारखं कप्प्यात पडलेलं नव्हतं.

त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं. पहिले काही महिने भांडले, की मला आठवतंय, टोपी आत गेली होती. तू हळुवारपणे म्हणायचीस, 'ताई, सोड ना, होतं असं.' डॉक्टरांकडे नेलंस. त्यांना काही सापडलं नाही तर म्हणालीस, सुरुवातीला सापडत नाहीच. मग मलाच वाटायला लागलं की अंगठा नुसता ठेवला असेल, दाबला नसेल. चष्मा कुठे ठेवला ते आठवलं नाही की शेवटची आई डोळ्यांपुढे यायची. क्लास तुझ्यावर सोपवला. तू तो वर्षभरात उचलून तुझ्या नवऱ्याच्या गावी नेलास, विद्यार्थिनींसकट, आणि गाडी मात्र मला ठेवलीस. मला तेव्हा तो तुझा मोठेपणा वाटला होता.

तुझ्याकडून मला माफी नको. ती तुला फार छान मागता येते. एकच कर. माझ्या लेकीला फोन कर आणि सांग, तुझ्या आईने हॉर्न दाबला होता. बाकी काही सांगू नकोस हवं तर. एवढं एक वाक्य.

ताई

५ फेब्रुवारी

तू फोन केलास. माझ्याच लेकीने मला सांगितलं की तू फोन केलास. मी तुझ्यावर विश्वास ठेवून आपल्या खोलीत बसून राहिले होते, दार किलकिलं ठेवून. लेक फोनवर नुसती हं, हं, करत होती. मग आली, माझ्याजवळ बसली आणि माझा हात हातात घेतला. मला वाटलं, झालं, आता ती म्हणेल आई, मला कळलं.

ती म्हणाली, 'आई, मावशीवर रागावू नकोस. ती खूप काळजीत होती तुझ्या.'

तू तिला सांगितलंस की ताईची पत्रं येतात, त्यात ती काहीबाही लिहिते. हॉर्न, पट्टी, पोलीस. मनात धरून बसलीय काहीतरी. आजीसुद्धा शेवटी असंच सगळ्यांवर आळ घ्यायची, तेव्हा जरा सांभाळून घ्या. आणि बाळाजवळ एकटी ठेवू नका. असं तू म्हणालीस. मी ज्याच्यासाठी तुझ्यापुढे पदर पसरला, नेमकं तेच काढून घेतलंस.

आई शेवटी म्हणायची, माझा चष्मा मोलकरणीने लपवला, माझ्या बांगड्या दूधवाल्याने नेल्या. आपण दोघी तिची समजूत काढायचो, आणि तिच्या पाठीमागे एकमेकींकडे बघायचो. आता माझ्या पाठीमागे लेक आणि जावई तसे एकमेकांकडे बघतात. मी बघितलं ते. मी बशीतला तुकडा दाखवला, ब्रेकवालीचं सांगितलं. लेक समजुतीने म्हणाली, 'बरं हं आई.' जावईबापू पाणी घेऊन आले. माझं खरं बोलणं माझ्या आजाराची खूण झालंय. जितकं ओरडून सांगेन तितकी मी आईसारखी दिसेन. तुला हे माहीत होतं, म्हणूनच तू हा रस्ता निवडलास.

आणि आज तुझं पत्र. लेकीच्या नावाने नाही, माझ्या नावाने, बंद पाकिटात. 'ताई, होय. मी घाबरले होते. क्लास बंद पडला असता, सासरी तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण आता लग्न तोंडावर आहे, व्याही मंडळी काय म्हणतील? लग्न होऊ दे, मग मी स्वतः येऊन सगळ्यांना सांगते.'

वाचून मी हसले. लेकीने स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं, आई एकटीच का हसते म्हणून.

तुला वाटेल हे पत्र मी तिला दाखवीन. नाही दाखवणार. ते मी पाण्यात भिजवून त्याचा लगदा केला आणि कुंडीत टाकला. माझ्या लेकीने मला खरं मानावं यासाठी तुझी सही लागत असेल, तर मग मी तिची आई कसली? आणि तुझं 'मग' मी चांगलं ओळखते. लग्नानंतर सून नवी असेल, मग नातवंड यायचं असेल. घाबरणं एका सकाळचं असतं, धाकटे. त्याच्यापुढे तू जे केलंस ते रोज उठून, चहा पिऊन, शुद्धीवर राहून केलंस.

मी तुला अंगाखांद्यावर वाढवलं. तुझी पहिली सायकल मी मागून धरून पळवली. तू पडलीस तेव्हा घरी येऊन मी सांगितलं की माझाच हात सुटला. सुटला नव्हता, तूच हँडल सोडलं होतंस. तेव्हापासून तुझ्या पडण्याचं खापर माझ्या हातावर फोडायची तुला सवय लागली असेल, मला कधी कळलं नाही.

यापुढे तुझ्याकडे मी काही मागणार नाही.

ताई

१३ फेब्रुवारी

धाकटे,

हे शेवटचं पत्र. लिहिलं नसतं, पण गाडीबद्दल कळवायला हवं.

रविवारी जावईबापू गाडी बाहेर काढायला निघाले तेव्हा मी लेकीला म्हटलं, चल, मला गाडीत बसायचंय. तिला बरं वाटलं. आईला जरा हवापालट, असं तिच्या मनात आलं असेल. मी तिला चालवायच्या जागेवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. नवी पट्टी मी आधीच सरकवून ठेवली होती. कप्प्यातला तो जुना रेक्झिनचा पट्टा अजून होता, त्यातूनच कापली. लेकीला काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, 'हॉर्न मी दुरुस्त केलाय, वाजवून बघ.'

तिने दाबला, आवाज नाही. पुन्हा दाबला. मग तिने अंगठा उचलला नाही, तसाच टोपीवर ठेवला आणि हळूहळू दाबत, सोडत राहिली. पट्टी असली की टोपी आत जाताना मऊ लागते, धाकटे. नुसती असली की शेवटी एक कट्ट असं टेकतं. मला हे ठाऊक होतं, तुला तर असणारच. लेकीला ठाऊक आहे हे मात्र तुझ्या लक्षात राहिलं नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, 'मावशी मला शिकवायची तेव्हा असाच लागायचा हॉर्न. ती म्हणायची, तुझ्या अंगठ्यात जोर नाही.'

मला भीती होती की मी तोंड उघडलं तर पुन्हा आजारी होईन.

ती पुढे म्हणाली, 'मला खरंच वाटायचं की माझ्यात जोर नाही. मी घरी टेबलावर अंगठा दाबून बघायची.'

मग मी हात पुढे केला, टोपी काढली, पट्टी ओढली आणि टोपी बसवून तिला म्हटलं, आता दाब. हॉर्न वाजला. तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. जावईबापू बाहेर बावरून उभे, त्यांना वाटलं पुन्हा काहीतरी बिघडलं.

मास्तरीणबाईंना लेकीनेच जाऊन सांगितलं. मला जायचं धैर्य नव्हतं. त्या गुडघ्यावर हात फिरवत राहिल्या म्हणे. मग म्हणाल्या, 'म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच बाईला माफ करत होते.' तुला माफ करणार का ते त्या बोलल्या नाहीत. लेकीने विचारलंही नाही.

लेक तुला फोन करणार होती. मी तिला नको म्हटलं. तू रडशील आणि ती तुझी समजूत काढत बसेल. आमच्या घरात ते एका पिढीने केलं, पुरे झालं.

आता गाडी. ती लग्नाला येणार नाही. भाच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, त्याला माझे मनापासून आशीर्वाद आहेत, आणि पुढे कधी तो बायकोला घेऊन इथे आला तर मी स्वतः त्यांना फिरवून आणीन. पण तुझ्या दारात, तुझ्या पाहुण्यांसमोर ती गाडी हॉर्न वाजवत येणं माझ्याच्याने होणार नाही. का आली नाही असं तो विचारील. काय सांगायचं ते तू ठरव. खरं सांगितलंस तर तुझ्या मुलाला एकदा वाईट वाटेल आणि मग तुझ्याविषयी त्याला काहीतरी खरं माहीत असेल. नाही सांगितलंस तर त्याला वाटेल मावशी मनाची कोती आहे. तसं वाटलं तरी मला चालेल. वेडी ठरण्यापेक्षा कोती बरी.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही, आणि गेला पाहिजे असं मला कुणी सांगायला येऊ नये. सकाळी जाग येते तेव्हा पहिल्यांदा तूच आठवतेस, गाडीत वाकलेली. मग मला पुन्हा कळतं की माझं डोकं ठिकाणावर होतं आणि माझी बहीण नव्हती. यातलं काय बरं आणि काय वाईट हे मला अजून ठरवता येत नाही. आधी माझ्याकडे एक बहीण होती आणि डोकं नव्हतं.

लेक आज कामावर गेली. पाळणाघराचा विषय निघाला नाही. सकाळी ती आवरत होती, मी नेहमीप्रमाणे म्हटलं, मास्तरीणबाईंना हाक मारतेस ना? ती पर्स खांद्याला लावून दारात थांबली, मागे आली आणि मुलीला माझ्या हातात दिलं. मी तेव्हा खुर्चीवर बसले होते, जमिनीवर नाही. 'कशाला त्यांना त्रास?' म्हणाली आणि जिना उतरून गेली. जावईबापू तिच्या मागोमाग गेले. दोघांच्याही पावलांचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला. कुणीच मागे वळून आलं नाही.

मी गॅस बघून आले. मग पुन्हा एकदा बघून आले. तिसऱ्यांदा उठले होते, पण बसले. नातीची दुधाची बाटली उकळून ठेवलीय, लंगोट सुकलेत, खिडकीला कडी आहे. सगळं माझ्या ध्यानात आहे. हे पत्र लिहिताना ती शेजारी झोपली आहे, मूठ तोंडाशी घेऊन. घरात आम्ही दोघीच आहोत.

ती चुळबुळ करायला लागली. जागी झाली. मला उठायला हवं.

ताई